पाळी थांबली म्हणजे आजार थांबला काय?

(संस्थेच्या वतीने सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त आयोजित महिला व विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज ३ जानेवारी. सावित्रीबाईंनी मुलींना शिकविले हे आपण दरवर्षी सांगतो. पण १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा रुग्णांची सेवा करता करताच त्यांचा अंत झाला, ही गोष्ट आपण घाईघाईने सांगून पुढे जातो. शिक्षण आणि आरोग्य ही दोन कामे त्यांच्या दृष्टीने वेगळी नव्हती. म्हणून संस्थेने आम्हाला दोन शब्द बोलण्यास सांगितले, तेव्हा आम्ही आरोग्याचाच विषय निवडला.

आम्ही डॉक्टर नाही. आम्ही कला शाखेच्या पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. दिवसभर हिशेबाची कागदपत्रे चाळणारे आम्ही वैद्यकावर का बोलावे, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर आमच्या घरातच आहे. तेच आधी सांगतो.

ताईची गोष्ट

आमची मोठी ताई अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका खेड्यात दिली आहे. घरी धानाची शेती. लग्नाआधीपासून तिची पाळी नियमित नव्हती. कधी तीन महिन्यांनी, कधी पाच महिन्यांनी येई. हनुवटीवर केस येत. ती पदर ओढून घेई आणि कोणाशी फारसे बोलत नसे. लग्नानंतर सात वर्षे मूल झाले नाही. त्या सात वर्षांत तिला काय काय ऐकावे लागले, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही. पुढे एक मुलगी झाली आणि लोकांची तोंडे बंद झाली. तोंडे बंद झाली म्हणून सर्वांनी असे धरले की आजारही संपला.

पन्नाशीच्या पुढे ताईची पाळी गेली. तेव्हा ती आम्हाला म्हणाली, "सुटली बाई एकदाची." आम्हीही म्हटले, बरे झाले.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी रोवणीच्या दिवसांत तिच्या पायाच्या बोटांत जखम झाली. रोवणीत चिखल्या कोणाला होत नाहीत? तिने हळद लावली, तेल लावले. पोळा झाला, दिवाळी आली, तरी जखम भरेना. शेवटी दवाखान्यात नेले तेव्हा शुगर तीनशेच्या वर निघाली. एक बोट काढावे लागले. तेथील डॉक्टर बाईंनी तिच्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "तरुणपणी तुमची पाळी कशी होती?"

हा प्रश्न ताईला उभ्या आयुष्यात प्रथमच कोणीतरी विचारला होता. आम्ही बाजूला उभे होतो. पायाच्या जखमेचा आणि तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या पाळीचा काय संबंध, हे आम्हाला त्या दिवशी कळले नाही. ते समजून घेण्यासाठी आम्ही डॉक्टरांना विचारले आणि मिळेल ते वाचले. त्यातून जे समजले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

हा आजार म्हणजे काय?

या आजाराला पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम म्हणतात. डॉक्टर थोडक्यात पी.सी.ओ.एस. म्हणतात. १९३५ साली अमेरिकेतील शिकागो येथील स्टाईन आणि लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या तपासणीवरून त्याचे वर्णन केले. त्यामुळे बरीच वर्षे हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जाई.

नाव ऐकून पुष्कळ मुली घाबरतात. सोनोग्राफीचा कागद हाती आला की घरात "पोटात गाठी झाल्या" अशी रडारड सुरू होते. वास्तविक त्या गाठी नव्हेतच. स्त्रीच्या बीजांडकोशात दर महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडते. या आजारात बीजे अर्धवट वाढून तेथेच थांबतात. सोनोग्राफीत दिसणारे बारीक बुडबुडे ते हेच. त्यांचे ऑपरेशन करण्याची सहसा गरज नसते.

खरा बिघाड संप्रेरकांचा, म्हणजे शरीरातील हार्मोन्सचा असतो. पुरुषी म्हणून ओळखली जाणारी संप्रेरके प्रत्येक स्त्रीच्या शरीरात थोडी असतातच. या आजारात ती वाढतात. त्यामुळे चेहऱ्यावर केस येतात, मुरुमे होतात, डोक्यावरचे केस विरळ होतात. दुसरा बिघाड इन्सुलिनचा. जेवणातून आलेली साखर रक्तातून पेशींमध्ये नेण्याचे काम इन्सुलिन करते. या आजारात पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करते, आणि ते वाढलेले इन्सुलिन बीजांडकोशाला आणखी पुरुषी संप्रेरके तयार करायला लावते. असे हे चक्र आहे. पाळी चुकणे हे त्या चक्राचे बाहेर दिसणारे लक्षण आहे. आजार त्याहून मोठा आहे आणि तो साऱ्या शरीराचा आहे.

हा शहरातल्या, खात्यापित्या घरच्या, लठ्ठ बायकांचा आजार आहे, असा एक समज आपल्याकडे आहे. मुंबईत परळ येथे प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तेथील संशोधकांनी मुंबईतील १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध केले. निदानाची एक कसोटी लावली तर २२.५ टक्के मुलींत हा आजार दिसला, आणि दुसरी अधिक कडक कसोटी लावली तर १०.७ टक्के मुलींत. त्यांतील महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पहिल्या कसोटीने आजार निघालेल्या दहा मुलींपैकी सुमारे सात मुली लठ्ठ नव्हत्या.

असे का होते, हे समजण्यासाठी पुण्याचे एक उदाहरण फार चांगले आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. दोघांचाही निर्देशांक २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के भरली. सारांश, आपल्याकडचा माणूस अंगाने बारीक दिसतो, पण चरबी आत, पोटाभोवती असते. मधुमेह त्याच चरबीच्या मागोमाग येतो. म्हणून "मी तर काटकुळी, मला काय होणार?" असे कोणत्याही भगिनीने म्हणू नये. आमची ताईसुद्धा बारीकच आहे.

पाळी जाते तेव्हा काय होते?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बारा महिने सलग पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे मानतात. आपल्या देशात हे साधारणपणे ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास घडते. हा आजार असलेल्या स्त्रियांची पाळी इतरांपेक्षा थोडी उशिरा जाते. आणखी एक चमत्कारिक गोष्ट म्हणजे चाळिशीत त्यांच्यापैकी अनेकींची पाळी पूर्वीपेक्षा नियमित होऊ लागते. बाईला वाटते, आजार आपोआप बरा झाला. आणि पाळी गेली की मग प्रश्नच मिटला.

पण पाळीबरोबर इन्सुलिनचा बिघाड जात नाही. पुरुषी संप्रेरकेही उतारवयात इतर स्त्रियांच्या मानाने पुष्कळदा वाढलेलीच राहतात. उलट पाळी गेल्यावर स्त्रीला संरक्षण देणारे इस्ट्रोजेन कमी होते, पोटाचा घेर वाढतो, रक्तातील चरबी वाढते. हे प्रत्येक स्त्रीच्या बाबतीत होते. पण जिची आधीची बाकी मोठी आहे, तिच्यावर हा भार वरून पडतो. आमच्या बँकेत कर्जाचे खाते घरात विसरले गेले म्हणून व्याज थांबत नाही. तसेच हे आहे.

त्यातही अडचण अशी की, पाळी गेल्यावर हा आजार ओळखण्याची नेहमीची खूणच नाहीशी होते. साठीच्या बाईला डॉक्टर पाळीचे अंतर कसे विचारणार? जगभरातील तज्ज्ञांनी एकत्र येऊन २०२३ साली या आजाराविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत असे म्हटले आहे की, पूर्वी निदान झालेले असेल, किंवा तरुणपणी दीर्घकाळ पाळी लांबत होती व पुरुषी संप्रेरकांची लक्षणे होती असा पूर्वेतिहास असेल, तर पाळी गेल्यानंतरही हा आजार आहे असे धरता येते. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. म्हातारपणी या आजाराचा मुख्य पुरावा त्या बाईच्या आठवणीत असतो. ती बोलली नाही तर तो पुरावा तिच्याबरोबरच जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, जगभरात हा आजार असलेल्या स्त्रियांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते. आपल्या आया, आत्या, मावश्या यांचे निदान कोण करणार होते?

कोणते धोके संभवतात?

पहिला आणि सर्वांत मोठा धोका मधुमेहाचा. हा आजार असलेल्या स्त्रीला मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या मानाने कितीतरी अधिक असते, आणि वजन कमी असले तरी ती असतेच. गरोदरपणात शुगर वाढली असेल, आईवडिलांना मधुमेह असेल, तर आणखी अधिक. म्हणून २०२३ च्या सूचनांत सांगितले आहे की, वय कितीही असो, वजन कितीही असो, दर एक ते तीन वर्षांनी शुगर तपासली पाहिजे. मधुमेह मुकाट्याने येतो. डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांवर त्याचा परिणाम झाल्यावर बाई दवाखान्यात जाते. ताईचे तेच झाले.

दुसरा धोका रक्तदाब, रक्तातील चरबी आणि हृदयाचा. येथे मात्र आम्ही भीती वाढवू इच्छित नाही. स्वीडनमध्ये अशा स्त्रियांचा २१ वर्षे पाठपुरावा करण्यात आला व २०११ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेव्हा त्या स्त्रिया ६१ ते ७९ वर्षांच्या होत्या. त्यांच्यात रक्तदाब आणि रक्तातील एका प्रकारची चरबी इतर स्त्रियांपेक्षा अधिक आढळली, पण हृदयविकाराचे झटके व पक्षाघात यांत फरक दिसला नाही. त्या पाहणीतील स्त्रियांची संख्या लहान होती हे खरे, आणि सर्व अभ्यास एकत्र पाहून तज्ज्ञांनी या आजाराची गणना हृदयविकाराच्या धोक्यांतच केली आहे. परंतु यातून एक धीर मिळतो. धोका म्हणजे ललाटरेषा नव्हे. रक्तदाब वेळीच मोजला, औषध घेतले, तर पुढचे टळू शकते.

तिसरा धोका गर्भाशयाच्या आतील अस्तराचा. बीज सुटले नाही तर पाळी येत नाही, आणि अस्तर महिनोन्महिने जाड होत राहते. त्यातून पुढे कर्करोग होण्याची शक्यता वाढते. पाळी सुरू असतानाच्या वयात ही वाढ स्पष्ट दिसून आली आहे, तरीही एकूण प्रमाण कमीच आहे. स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग या आजाराने वाढतो असे आढळलेले नाही. मात्र एक गोष्ट सर्व भगिनींनी पक्की लक्षात ठेवावी, हा आजार असो वा नसो. पाळी जाऊन वर्ष झाल्यानंतर अंगावरून रक्ताचा एक डाग जरी गेला, तरी "परत पाळी आली वाटते" असे म्हणून हसण्यावारी नेऊ नये. त्याच आठवड्यात तपासणी करावी. बहुतेक वेळा कारण साधे निघते. पण जेव्हा निघत नाही, तेव्हा लवकर गेल्यानेच जीव वाचतो. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी वेगळी आणि अस्तराची वेगळी. एक केली म्हणजे दुसरी झाली असे समजू नये.

याखेरीज यकृतात चरबी साठणे आणि झोपेत श्वास अडकणे हेही या आजारात अधिक आढळते. बाई मोठ्याने घोरते, रात्री दचकून उठते, दिवसा बसल्या जागी पेंगते, तर घरचे लोक तिला आळशी म्हणतात. ती आळशी नसते, तिला रात्री नीट श्वास मिळालेला नसतो. मनाचे दुखणेही असते. ज्या बाईने पंचवीस वर्षे वांझपणाचे टोमणे ऐकले आणि चेहरा लपविला, तिच्या मनावर काहीच परिणाम होत नसेल काय? उदासी आणि चिंता या स्त्रियांमध्ये अधिक आढळते. त्याचाही उपचार असतो आणि तो घेण्यात कमीपणा नाही.

आणखी एक खूण सांगतो. पाळी गेल्यानंतर चेहऱ्यावर थोडे केस येणे हे सामान्य आहे. परंतु काही महिन्यांतच केस भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, टक्कल पडू लागले, तर तो जुना आजार समजून गप्प बसू नये. क्वचित एखादी गाठ संप्रेरके तयार करीत असते. ती शोधावी लागते.

पिशवी काढली म्हणजे सुटका होते काय?

आपल्या खेड्यापाड्यांत पाळीच्या प्रत्येक तक्रारीवर एकच उपाय सुचविला जातो, "पिशवी काढून टाका." २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची बातमी साऱ्या महाराष्ट्राने वाचली. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची पिशवी काढलेली होती, आणि त्यांतील कित्येकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. पाळीचा खाडा परवडत नाही म्हणून अवयव काढायचा, ही गोष्ट कोणत्याही समाजाला शोभणारी नाही.

काही आजारांत पिशवी काढावीच लागते, त्याला आमचा विरोध नाही. परंतु पी.सी.ओ.एस.चा बिघाड पिशवीत नसतो. पिशवी काढली तर रक्तस्राव थांबेल, इन्सुलिनचा बिघाड तसाच राहील. आणि बीजांडकोशही लहान वयात काढले तर हाडे व हृदय यांचे नुकसान लवकर सुरू होते. म्हणून ऑपरेशनचा सल्ला मिळाला तर कारण विचारा, आणि घाई नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. गोंदियात बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे आणि २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विचारायला जागा आहे, पण विचारण्याची सवय आपल्याला नाही.

आपल्या जिल्ह्याची एक विशेष गोष्ट

विदर्भात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे आणि आपल्या समाजात तर तो घरोघरी माहीत आहे. नागपूरचे डॉ. शुक्ल आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी १९५८ सालीच लिहिले होते. त्याचा येथे काय संबंध? संबंध असा की, मधुमेहासाठी आजकाल तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी करतात. ती तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनवर आधारलेली असते. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात. त्यामुळे शुगर वाढलेली असूनही हा आकडा फसवा, कमी येऊ शकतो. नुसता वाहक असला तरी काही यंत्रांवर आकडा चुकू शकतो. म्हणून ज्या घरात सिकलसेल आहे त्या भगिनींनी तपासणीच्या वेळी ते आधी सांगावे, सिकलसेलचे कार्ड असल्यास दाखवावे, आणि उपाशीपोटीची व ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची शुगर तपासून घ्यावी.

आता काय करावे?

भगिनींनो, हा आजार मुळापासून काढून टाकणारे औषध नाही. तसे कोणी जाहिरातीत सांगत असेल तर पैसे सांभाळा. पण त्याचे परिणाम रोखता येतात. त्यासाठी करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत.

१) कंबर मोजा. शिंप्याची टेप बेंबीच्या रेषेत धरावी. स्त्रीचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला तर सावध व्हावे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई भरून घेतात. त्यात कंबरेचे माप असते, आणि पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला का हा प्रश्नही असतो. आशाताई दारात आल्या तर "आम्हाला काही नाही" म्हणून त्यांना परत पाठवू नका. तरुणपणी पाळी लांबत होती, हे त्यांनी विचारले नाही तरी स्वतःहून सांगा.

२) वर्षातून एकदा रक्तदाब मोजा. शुगर किती दिवसांनी आणि रक्तातील चरबी केव्हा तपासायची, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. उपाशीपोटीची शुगर १०० ते १२५ असेल तर ती धोक्याची घंटा आहे, आणि १२६ किंवा अधिक आली तर पुन्हा तपासून उपचार सुरू केले पाहिजेत.

३) चालत राहा. "शेतात राबतो, आणखी व्यायाम कशाला?" असे आपण म्हणतो. पण रोवणी आणि कापणी सोडली तर वर्षाचे किती महिने तसे काम असते? विडी वळणारी बाई दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसलेली असते आणि आम्ही बँकेत खुर्चीवर. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा अर्धा तास, दम लागेल इतके भरभर चालावे.

४) ताट बदला. धानाच्या जिल्ह्यात "भात सोडा" असे सांगणे म्हणजे थट्टाच होईल. भात सोडू नका, भाताचा डोंगर लहान करा. त्याच्या बाजूला बरबटी, चणा, मूग, पालेभाजी आणि जवसाची चटणी वाढवा. चहातली साखर निम्मी करा. आणि खर्रा, गुडाखू यांना घरातून हद्दपार करा. हृदयाला तंबाखूइतका वैरी नाही.

५) दवाखान्यात सर्व सांगा. मेटफॉर्मिनसारखी गोळी असो की बी.पी.ची गोळी असो, डॉक्टरांनी दिली तर नियमित घ्या, आणि "आता बरे वाटते" म्हणून मनाने बंद करू नका.

विद्यार्थ्यांना आणि बंधूंना

विद्यार्थिनींनो, तुमच्या पाळीची तारीख वहीत लिहून ठेवा. पहिली दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होतेच. पण त्यानंतरही वर्षातून आठपेक्षा कमी वेळा येत असेल, तर आईला घेऊन दवाखान्यात जा. लाजू नका. हा आजार एकाच कुटुंबात अनेकींना असू शकतो. म्हणून आज घरी गेल्यावर आईला, आजीला, मोठ्या मावशीला विचारा, "तुमची पाळी कशी होती?" हा प्रश्न जितका तुमच्या उपयोगाचा आहे, तितकाच त्यांच्या.

बंधूंनो, हा बायकांचा विषय म्हणून मागे सरकू नका. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या बिलाच्या बाजूने बाबासाहेब बोलले. त्यांनी तो विषय बायकांचा म्हणून सोडून दिला नव्हता. प्रसूतीपर्यंत स्त्रीची काळजी घ्यायला आपण थोडेफार शिकलो. पण लेकरे मोठी झाली, पाळी गेली, की तिच्याकडे पाहणारे कोणी उरत नाही. तिच्यापाशी आणखी वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य असते. ते आयुष्य एक बोट कापून, डोळ्यांनी अंधुक पाहत काढायचे की धडधाकट काढायचे, हे घरातील पुरुष तिला वेळेवर दवाखान्यात नेतो की नाही यावरही अवलंबून आहे.

शेवटी आमचे स्वतःचे सांगतो. कॉलेजात असताना आमचीही पाळी तीन-चार महिन्यांनी येत असे. आम्ही ते कोणालाही सांगितले नाही. वसतिगृहातल्या मैत्रिणींना तर त्याचा हेवा वाटे. आज आमचे वय चाळिशीच्या पुढे आहे. ताईच्या आजारपणानंतर आम्ही शुगर तपासली, ती काठावर निघाली. तेव्हापासून आम्ही रोज बँकेतून पायी घरी येतो आणि दरवर्षी तपासणी करतो. गेल्या वेळी आकडा खाली आला होता. एवढ्या लोकांपुढे ही गोष्ट बोलायला आम्हालाही संकोच वाटला. पण ताईने आपला संकोच सांभाळला आणि त्याची किंमत तिला पायाने द्यावी लागली.

ताई आज या सभेत पुढच्या रांगेत बसली आहे. तिने परवानगी दिली म्हणूनच आम्ही तिची गोष्ट सांगितली. ती आता नियमित गोळ्या घेते आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी पाय तपासते. तिची मुलगी, आमची भाची, गोंदियाला कॉलेजात शिकते. तिच्याकडे तारखांची वही आहे. आमच्या घरात अशी वही ठेवणारी ती पहिलीच. पुढल्या वर्षी येथे जमू तेव्हा प्रत्येक घरात अशी एक वही असावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.